लग्नाच्या अटीची कुळकथा

लग्न झाले की बाईने नोकरी सोडायची, ही अट आपल्या घरंदाज रूढीतून आली असे पुष्कळांना वाटते. सरकारी नियमपुस्तकातल्या या अटीचे मूळ मात्र लंडनच्या टपाल खात्यात सापडते. १८७० मध्ये ब्रिटिश सरकारने खासगी तार कंपन्या ताब्यात घेतल्या आणि तारयंत्रावर बसणाऱ्या मुलीही सरकारी नोकर झाल्या. पुढच्याच वर्षी फ्रँक स्कडमोर या अधिकाऱ्याने त्यांना ठेवून घेण्याचे फायदे अहवालात मांडले. त्या कमी पगारावर मिळतात, आणि कायम नोकराला वर्षागणिक पगारवाढ द्यावी लागते, तशी वेळ त्या येऊच देणार नाहीत. लग्न करून आपणच निघून जातील, म्हणजे निवृत्तिवेतनही वाचेल. त्याच दशकात या अपेक्षेचा नियम झाला: लग्न केले की राजीनामा.

या हिशेबात संसाराची काळजी कुठेच नव्हती. सरकारी नोकरीत बढती ज्येष्ठतेने मिळते आणि ज्येष्ठता वर्षांनी साठते. ती साठण्याआधीच बाई बाहेर पडत असेल, तर वरिष्ठ पदावर बाई नको असे वेगळे लिहायला लागत नाही. म्हणूनच मला ही अट इतर कुठल्याही अडसरापेक्षा जास्त घातक वाटते.

ब्रिटनने आपल्या देशांतर्गत सनदी सेवेतून ती १९४६ मध्ये काढली; परराष्ट्र सेवेत ती १९७३ पर्यंत राहिली. भारतात १९५० च्या राज्यघटनेने सरकारी नोकरीत लिंगभेदाला मनाई केली, तरी १९५१ मध्ये भारतीय प्रशासन सेवेत आलेल्या अ‍ॅना राजम यांच्या नेमणुकीच्या आदेशात लग्न केल्यास सेवा संपेल असे लिहिलेले होते. पुढे त्या उरणजवळच्या न्हावा-शेवा बंदराच्या अध्यक्ष झाल्या. एवढे मोठे बंदर सांभाळू शकणारी बाई केवळ लग्नापायी घालवायला सरकार तयार होते.

सर्वांत धीराची लढाई सी. बी. मुथम्मा यांची. कोडगूच्या या मुलीने १९४९ मध्ये परराष्ट्र सेवेत पाऊल ठेवले, तेही लग्न केल्यास राजीनामा देईन असे लिहून देऊन. १९७० मध्ये त्या हंगेरीत राजदूत झाल्या. सेवेतून वर चढत त्या पदावर पोचलेली ती पहिली भारतीय स्त्री. त्यानंतर वरच्या श्रेणीची बढती नाकारली गेली, तेव्हा त्या सर्वोच्च न्यायालयात गेल्या. १९६१ च्या नियमांप्रमाणे लग्नासाठी स्त्री अधिकाऱ्याला सरकारची लेखी परवानगी लागे, आणि घरच्या जबाबदाऱ्या कामाच्या आड येतात असे सरकारला वाटल्यास लग्नानंतर केव्हाही राजीनामा मागता येई. न्या. कृष्ण अय्यर यांनी १९७९ च्या निकालात विचारले, की घरच्या जबाबदाऱ्या पुरुषाच्या कामाच्या आड येत नाहीत का? खटला चालू असतानाच सरकारने बढती दिली, त्यामुळे अर्ज निकाली निघाला; पण न्यायालयाने सेवानियमांतला भेदभाव धुऊन काढायला बजावले.

त्याआधी मुंबईतल्या औषध कारखान्यातल्या कामगार स्त्रियांनी हीच भिंत पाडली होती, आणि त्यांची आठवण फारशी कोणी काढत नाही. एका विभागात लग्न करणाऱ्या मुलीला कामावरून कमी करण्याचा नियम होता. लग्न झालेल्या बायका जास्त गैरहजर राहतात, असा मालकांचा युक्तिवाद. बॉम्बे लेबर युनियन तो वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत घेऊन गेली. १९६५ मध्ये न्यायालयाने सांगितले, की फरक दिसतो तो फक्त बाळंतपणाच्या रजेचा, आणि तेवढ्यासाठी नोकरी काढून घेता येणार नाही.

पण १९८१ मध्ये एअर इंडियाच्या हवाई सुंदरींच्या खटल्यात त्याच न्यायालयाने पहिल्या गरोदरपणी नोकरी संपवणारा नियम रद्द केला, आणि पहिली चार वर्षे लग्न न करण्याची अट मात्र योग्य ठरवली. हा निकाल मला आजही पटत नाही.

नियम गेले तरी त्यांचा युक्तिवाद टिकून राहिला. लष्करातल्या स्त्री अधिकाऱ्यांना तुकडीचे नेतृत्व का देऊ नये, हे सांगताना सरकारने सर्वोच्च न्यायालयात पुन्हा गरोदरपण, मातृत्व आणि घरच्या जबाबदाऱ्याच पुढे केल्या. १७ फेब्रुवारी २०२० रोजी न्यायालयाने ते म्हणणे फेटाळले आणि नेतृत्वाच्या पदांवरची सरसकट बंदी उठवली.