दारिद्र्य, पर्जन्य आणि पवनाकाठ

जागतिक दारिद्र्य अधिक निकडीचे की हवामान-बदल, हा वाद आज पुनःपुन्हा मांडला जातो. त्याचे मूळ जुने आहे. दारिद्र्य व गरज हीच सर्वांत मोठी प्रदूषके नव्हेत काय, असा प्रश्न पंतप्रधान इंदिरा गांधी यांनी जून १९७२ मध्ये स्टॉकहोमच्या पर्यावरण-परिषदेत केला. योगायोग असा की, त्याच वर्षी महाराष्ट्रात पाऊस फसला व दुष्काळाने भीषण रूप धारण केले.

हा दुष्काळ हवामान-बदलाचाच परिणाम होता असे म्हणता येत नाही. तथापि पावसाच्या लहरीचा भार प्रथम कोणावर पडतो, हे त्याने दाखवून दिले. १९७३ च्या उन्हाळ्यात सुमारे ५० लक्ष माणसे दुष्काळी कामांवर होती. तेथे खडी फुटली, तसेच पाझर तलाव व बांधही झाले. १९७७ च्या रोजगार हमी कायद्यानेही जलसंधारणाच्या कामांना महत्त्वाचे स्थान दिले. मजुरी देणे आणि पाणी अडविणे ही येथे दोन कार्ये नव्हती. ते एकच कार्य होते.

पिंपरी-चिंचवडने दारिद्र्यावर दुसरा उपाय दिला. १९५४ मध्ये पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली. १९६२ मध्ये औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाल्यावर भोसरी-चिंचवड परिसरात व पुढे चाकणपर्यंत कारखानदारी पसरली. दुष्काळी मुलखातून आलेल्या कुटुंबांना कारखान्याचा पगार म्हणजे पावसापासून सुटका वाटली.

ही सुटका अपुरी होती. या नगरीची तहान मुख्यतः पवनेवर भागते, आणि पवना धरण भरते ते मावळातील पावसावर. या धरणातून निगडीपर्यंत बंद जलवाहिनी नेण्यास मावळच्या शेतकऱ्यांनी विरोध केला. ९ ऑगस्ट २०११ रोजी त्यांच्या आंदोलनावर गोळीबार होऊन तिघांचा मृत्यू झाला. एकाचे दारिद्र्य हटविणारे पाणी दुसऱ्यास आपल्या शेतीचा आधार वाटत होते.

सारांश, कोणता प्रश्न आधी, ही पृच्छाच अपुरी आहे. उपाशी माणसाला उद्याच्या हवामानासाठी थांबा म्हणणे अन्यायाचे होय. परंतु पावसाचा भरवसा ढळला, तर पहिली उपासमारही त्याच्याच घरी येते. म्हणून निकड दारिद्र्याची मानली, तरी ते हटविण्याच्या प्रत्येक योजनेस पाणी कोणाचे व किंमत कोणाची, हे प्रथम विचारले पाहिजे.