नादारीचा कायदा व वकिली, वऱ्हाडातील

देणी फेडण्यास असमर्थ ठरलेल्या व्यक्तीची मालमत्ता न्यायालयाच्या स्वाधीन करून ती धनकोंत प्रमाणशीर वाटणे आणि प्रामाणिक ऋणकोला उरलेल्या ऋणातून मुक्त करणे, ही नादारीच्या कायद्याची दोन अंगे होत. दिवाळे निघालेला पेढीवाला भरदिवसा दिवा लावून बसे, अशी ‘दिवाळे’ या शब्दाची लौकिक उपपत्ती सांगतात. तीत नामुष्की आहे, मुक्तता नाही.

१८५३ च्या तहाने वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली आला. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात (१८६१–६५) कापसाचे भाव चढले आणि अमरावती, अकोला, खामगाव येथील पेढ्या भरभराटीस आल्या. जमाबंदीमुळे जमिनीवरील हक्क हस्तांतरणीय झाल्याने तारणावर कर्ज सुलभ झाले. भाव उतरताच तेच गळ्याशी आले. वऱ्हाडावरील निजामाचे सार्वभौमत्व नाममात्र कायम होते, त्यामुळे ब्रिटिश हिंदुस्थानचे कायदे तेथे आपोआप चालत नसत. ते अधिसूचनेने लागू करावे लागत. ही गुंतागुंत १९४१ च्या बेरार लॉज ॲक्टने बरीचशी कमी झाली. मुंबई, कलकत्ता व मद्रास या शहरांसाठी १८२८ पासूनच स्वतंत्र कायदा होता. मुफसलासाठी प्रांतिक नादारी अधिनियम १९०७ मध्ये झाला व १९२० मध्ये त्याची जागा नव्या अधिनियमाने घेतली.

शेतकऱ्याला मात्र या अधिनियमाचा फारसा आधार मिळाला नाही. त्याचे मोठे कर्ज जमिनीच्या तारणावर असे आणि तारणी धनकोचा हक्क नादारीने बाधित होत नाही. म्हणून मंदीच्या काळात मध्य प्रांत सरकारने १९३३ च्या कायद्याने ऋण-समेट मंडळे व १९३९ च्या कायद्याने ऋणनिवारण न्यायालये, असा वेगळा मार्ग काढला. नादारीचा अर्ज ही मुख्यत्वे दुकानदार, अडते व पगारदार यांची बाब राहिली.

दादासाहेब खापर्डे यांच्यासारख्यांनी अमरावतीच्या वकिलीला नावलौकिक मिळवून दिला; नादारीचे काम त्या मानाने निस्तेज, पण कसोटीचे. अर्ज जिल्हा न्यायालयात होतो. मूळ अधिनियमानुसार ऋणकोचे देणे ५०० रुपये असले, किंवा हुकूमनाम्याच्या बजावणीत त्याला अटक वा त्याच्या मालमत्तेवर जप्ती झाली असली, तरच त्याला अर्ज करता येतो. प्रत्येक धनकोचे नाव, पत्ता, रक्कम आणि स्वतःची संपूर्ण मालमत्ता त्यात नमूद करावी लागते. येथे वकिलाची खरी परीक्षा असते, कारण अशील भिडेपोटी नातलगांची हातउसनी रक्कम लपवतो किंवा तीच आधी फेडून टाकतो. अर्जापूर्वीच्या तीन महिन्यांत एखाद्या धनकोला झुकते माप देण्याच्या हेतूने केलेली फेड प्रापकाविरुद्ध शून्य ठरते; तसेच अर्जापूर्वीच्या दोन वर्षांत मोबदल्यावाचून केलेले हस्तांतरण रद्द होऊ शकते. हे पहिल्याच भेटीत समजावून सांगणारा वकील अशिलाला पुढच्या अडचणींतून वाचवतो.

यापेक्षा मोठी चूक नंतर घडते. नादार ठरल्यावर अटकेपासून संरक्षण मिळाले की अशील व वकील दोघेही स्वस्थ बसतात. वास्तविक न्यायालयाने ठरविलेल्या मुदतीत मुक्ततेचा अर्ज न केल्यास नादारीचा निर्णयच रद्द होतो व सारे धनको पुन्हा दारात उभे राहतात. ज्या कचेरीत या तारखेची नोंद वेगळी ठेवली जाते, तिचेच काम शेवटास जाते. मुक्तता मिळाली तरी सरकारी देणे व लबाडीने केलेले कर्ज सुटत नाही, हेही आधीच सांगणे इष्ट.

जुन्या परकोटाबाहेर बडनेऱ्याच्या वाटेवरील राजापेठेसारख्या वस्तीतील आजचा ऋणको सावकाराचाच नव्हे, तर बँका व वित्तसंस्थांच्या हप्त्यांचाही देणेकरी असतो. पगाराच्या जप्तीत, निर्वाहाच्या हुकूमनाम्याचा अपवाद सोडता, पहिले १,००० रुपये व उरलेल्याचे दोन तृतीयांश दिवाणी प्रक्रिया संहितेने सुरक्षित ठेवले आहेत. पुष्कळांना ते ठाऊक नसते. २०१६ च्या नादारी व दिवाळखोरी संहितेत वार्षिक उत्पन्न ६०,००० रुपये, मालमत्ता २०,००० रुपये व पात्र ऋण ३५,००० रुपये यांच्या आतील, स्वतःचे घर नसलेल्या व्यक्तीसाठी ‘नवारंभा’ची तरतूद आहे. मर्यादा इतक्या तोकड्या की पगारदाराला त्यांचा लाभ क्वचितच व्हावा. शिवाय व्यक्तींविषयीचा हा भाग १ डिसेंबर २०१९ पासून अंमलात आला, तो केवळ कंपन्यांच्या व्यक्तिगत जामीनदारांपुरता. इतरांसाठी १९२० चाच अधिनियम उरला. संहितेचा तो भाग सर्वांना लागू झाल्यास अशी प्रकरणे ऋणवसुली न्यायाधिकरणाकडे जातील. अमरावतीकराच्या बाबतीत हे न्यायाधिकरण नागपूरला, सुमारे १५० किमी. दूर आहे.