पुणे स्टेशन : दोन पुण्यांच्या सीमेवर

पुण्याचा नकाशा वर्गात फळ्यावर लावा आणि विद्यार्थ्यांना शनिवारवाडा, कॅम्प आणि पुणे स्टेशन शोधायला सांगा. शनिवारवाड्यापासून स्टेशन सरळ रेषेत दोन किलोमीटरांहून थोडे जास्त, पूर्व-ईशान्येला आहे. कॅम्पाच्या वायव्य कडेला मात्र ते जवळजवळ लागूनच आहे. ज्या शहराचे नाव स्टेशनने घेतले, त्या शहराच्या पेठा लांब आणि छावणी जवळ, असे का बरे झाले असावे?

याचे उत्तर शोधायला रेल्वेच्या आधी चाळीस वर्षे मागे जावे लागते. 1817 मध्ये खडकीची लढाई झाली आणि पुढच्या वर्षी पेशवाई संपली. इंग्रजांनी जुन्या पेठांत वस्ती केली नाही. त्यांनी पेठांच्या पूर्वेला मोकळ्या जागेत छावणी वसवली आणि दुसरी छावणी खडकीला ठेवली. पेठांत अरुंद बोळ आणि वाडे, तर छावणीत रुंद रस्ते, बंगले आणि कवायतीची मैदाने. कारभारही वेगळा होता. पेठांसाठी 1858 मध्ये नगरपालिका आली, पण छावणी लष्करी व्यवस्थेखाली राहिली. एका नावाची ही दोन गावेच होती.

त्याच 1858 साली, 14 जूनला, खंडाळा ते पुणे हा लोहमार्ग खुला झाला. बोरघाटाचे काम तेव्हा अपुरे होते. मुंबईहून येणारा प्रवासी खोपोलीपर्यंत गाडीने येई, घाट पालखी, तट्टू किंवा बैलगाडीने चढे आणि खंडाळ्याला पुन्हा गाडीत बसे. 37 फुटांमागे 1 फूट इतका तीव्र चढ असलेला घाटमार्ग 1863 मध्ये पुरा झाला, तेव्हा ही तुटलेली साखळी जुळली.

आता नकाशावर लोहमार्गावरून बोट फिरवा. दापोडीजवळ तो मुळा ओलांडतो, खडकीच्या छावणीतून येतो, संगमाजवळ मुठा ओलांडतो आणि लगेच स्टेशनात शिरतो. पुढे मुळा-मुठेच्या उजव्या काठाने घोरपडी, हडपसर, मांजरी असा सोलापूरकडे जातो. संगमाच्या खाली पुन्हा नदी ओलांडण्याची गरजच त्याला पडली नाही. त्यामुळे डाव्या काठावरच्या खराडीच्या वाट्याला नगर रस्ता आला, पण रेल्वे आली नाही. नद्यांनी ठरवून दिलेली आणि दोन्ही छावण्यांना स्पर्श करणारी अशी ही वाट आहे. शिवाजीनगर स्थानक शनिवारवाड्याला अधिक जवळ खरे, पण तेही मुठेपलीकडे, जुन्या भांबुर्ड्यात आहे.

रेल्वेने आणखी एक दुभंग आणला, तो वेळेचा. गावाचा दिवस सूर्यावर चालायचा. रेल्वेने मात्र एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मद्रासची वेळ स्वीकारली. मद्रास पुण्याच्या पूर्वेला सुमारे 6.4 अंशांवर आहे. पृथ्वी 1 अंश फिरायला 4 मिनिटे घेते. म्हणजे पुण्याची सूर्यवेळ रेल्वेच्या वेळेपेक्षा सुमारे साडेपंचवीस मिनिटे मागे. सूर्याच्या भरवशावर निघालेल्याची गाडी हमखास चुकावी, एवढा हा फरक! 1906 पासून 82.5 अंश रेखांशाची भारतीय प्रमाणवेळ लागू झाली. तिच्यातला आणि पुण्याच्या सूर्यवेळेतला फरक किती, हे विद्यार्थ्यांना काढू द्या.

दोन पुण्यांमधल्या दरीची खरी परीक्षा झाली ती प्लेगच्या साथीत. 1896 मध्ये मुंबईत साथ आली आणि ती पुण्यात पोहोचायला वेळ लागला नाही. स्टेशनवर प्रवाशांची वैद्यकीय तपासणी सुरू झाली. 1897 मध्ये रँड यांच्या अधिकाराखाली पेठांत गोरे सैनिक घराघरांत शिरून झडती घेऊ लागले. छावणीतले सैनिक पेठेतल्या माजघरात आले, ते अशा रीतीने. लोकांचा संताप वाढत गेला आणि 22 जून 1897 रोजी गणेशखिंडीत रँड यांच्यावर गोळी झाडली गेली.

विज्ञानाच्या शिक्षकाने इथे थांबून विचार करावा. प्लेगचा जंतू येर्सिन यांनी 1894 मध्येच हाँगकाँगला शोधला होता. पण तो उंदरांवरच्या पिसवांमार्फत पसरतो, हे सिमाँ यांनी कराचीत दाखवले ते 1898 मध्ये, आणि ते सर्वमान्य व्हायला आणखी काही वर्षे गेली. म्हणजे 1897 मध्ये संशयाचा मुख्य रोख माणसांवर होता. मालाबरोबर येऊ शकणारे उंदीर आणि पिसवा यांच्याकडे पुरेसे लक्षच नव्हते. अपुरे ज्ञान आणि अमर्याद अधिकार एकत्र आले की काय होते, याचे हे उदाहरण आहे.

स्टेशनची आजची इमारत 1925 मधली. पुढे घाटातून विजेवर गाड्या धावू लागल्या आणि 1 जून 1930 रोजी 'दख्खनची राणी' सुरू झाली. तिला डबे होते ते फक्त पहिल्या आणि दुसऱ्या वर्गाचे. देशातले बहुसंख्य प्रवासी तिसऱ्या वर्गाने जात. त्यांच्यासाठी या गाडीत जागा झाली ती 1955 मध्ये. फलाट सर्वांचा असला तरी गाडी सर्वांची व्हायला पाव शतक लागले.

1950 मध्ये पुण्याची महानगरपालिका झाली, पण कॅम्पाचा कारभार तेव्हाही वेगळाच राहिला. 2024 पासून वनाझहून निघालेली मेट्रो पुणे स्टेशनवरून रामवाडीपर्यंत, म्हणजे खराडीच्या उंबऱ्यापर्यंत, येते. रूळ गावे जोडतात, पण कोणती गावे, कोणासाठी आणि किती भाड्यात, हे माणसे ठरवतात. आपल्या शाळेपासून सर्वांत जवळचे स्थानक नकाशावर शोधा. ते तिथेच का झाले, त्याचा लाभ प्रथम कोणाला झाला आणि कोण त्यापासून दूर राहिले, हे विद्यार्थ्यांना विचारा. इतिहास आणि भूगोल हे दोन तास तेव्हा आपोआप एक होतील.