बायसेप : बेलफास्टच्या जोडगोळीचा ध्वनिमुद्रिका-प्रवास

बायसेप हे अँड्र्यू फर्ग्युसन आणि मॅथ्यू मॅकब्रायर या दोघा संगीतकारांनी धारण केलेले संयुक्त नाव. दोघेही मूळचे उत्तर आयर्लंडमधील बेलफास्टचे आणि बालपणापासूनचे मित्र. पुढे लंडन ही त्यांची कर्मभूमी झाली. हाऊस आणि टेक्नो या यंत्रनिर्मित नृत्यसंगीताच्या दोन प्रमुख प्रकारांत त्यांनी केलेल्या ध्वनिमुद्रिका एकविसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकापासून युरोपभर गाजू लागल्या. ठेक्याचे संगीत म्हणजे केवळ एका रात्रीची करमणूक, हा समज खोडून काढणाऱ्या मोजक्या कलावंतांत त्यांची गणना होते.

दोन घराणी

हाऊस आणि टेक्नो ही दोन्ही अमेरिकेतील कृष्णवर्णीय समाजाची देणगी आहे. शिकागो शहरातील 'वेअरहाऊस' नावाच्या क्लबमध्ये फ्रँकी नकल्स हे निवेदक-वादक, म्हणजे डीजे, तबकड्या लावीत असत. त्या क्लबच्या नावातील उत्तरार्धावरून 'हाऊस' हे नाव रूढ झाले, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. डेट्रॉइट या मोटारगाड्यांच्या शहरात, १९८० च्या दशकात, ह्वान अ‍ॅटकिन्स, डेरिक मे आणि केव्हिन सॉन्डरसन यांनी टेक्नोचा पाया घातला. दोहोंचा ठेका चार मात्रांचा असून प्रत्येक मात्रेवर मोठ्या ढोलाचा, म्हणजे किक ड्रमचा, सारखा आघात पडतो. लय बहुधा मिनिटाला १२० ते १३५ आघात एवढी असते. हाऊसमध्ये गायकी, पियानो आणि डिस्कोचा उबदारपणा जाणवतो, तर टेक्नोमध्ये यंत्राची कोरडी, आवर्ती गती अधिक असते. बायसेपचे संगीत या दोहोंच्या सीमेवर वावरते आणि त्यात इंग्लंडमधील ब्रेकबीट व गराज या प्रकारांचे तुटक, झोके देणारे ठेकेही मिसळतात.

बेलफास्टची पार्श्वभूमी

कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट समाजांतील तीन दशकांच्या रक्तरंजित संघर्षानंतर १९९८ साली 'गुड फ्रायडे करार' झाला. त्याच सुमाराच्या बेलफास्टमध्ये ही जोडी वाढली. वस्त्या, शाळा, खेळाची मैदाने अशा साऱ्यांची धर्मानुसार वाटणी झालेल्या त्या शहरात दोन्ही बाजूंची तरुण मुले एकत्र येऊ शकतील अशा जागा थोड्याच होत्या. क्वीन्स विद्यापीठाच्या विद्यार्थी संघाच्या इमारतीत भरणारा 'शाइन' हा टेक्नोचा क्लब त्यांपैकी एक होता. फर्ग्युसन आणि मॅकब्रायर यांचा श्रवणसंस्कार याच क्लबमध्ये झाला. अंधाऱ्या दालनात शेजारी नाचणाऱ्याचे आडनाव कोणी विचारत नसे. बाहेरच्या जगात मात्र त्याच आडनावावरून माणसाचा पक्ष ठरत असे. या पार्श्वभूमीमुळे बायसेपच्या संगीतातील हुरहुर आणि उत्कटता यांना केवळ शैलीचा नव्हे, तर अनुभवाचा आधार लाभतो. विद्यार्थी संघाची ती जुनी इमारत आता उरलेली नाही. तिच्या जागी नवी वास्तू उभी राहिली आहे.

प्रारंभीच्या तबकड्या

२००८ साली या दोघांनी 'फीलमायबायसेप' या नावाचे अनुदिनीवजा संकेतस्थळ सुरू केले. विस्मृतीत गेलेल्या इटालियन डिस्कोच्या, शिकागो हाऊसच्या आणि डेट्रॉइट टेक्नोच्या तबकड्या शोधून त्यांवर ते तेथे लिहीत. संग्राहकाची ही वृत्ती त्यांच्या पुढील निर्मितीचे मूळ ठरली. परस्परांत गुंफलेल्या, स्नायू फुगवलेल्या तीन बाहूंचे त्यांचे बोधचिन्हही लवकरच ओळखीचे झाले.

त्यांच्या आरंभीच्या ध्वनिमुद्रिका न्यूयॉर्कच्या 'थ्रोन ऑफ ब्लड' यांसारख्या छोट्या प्रकाशनसंस्थांनी काढल्या. या क्षेत्रात 'बारा इंची' तबकडीला विशेष मान आहे. रुंद तबकडीवर दोन-तीनच रचना कोरल्या, तर खाचांना भरपूर जागा मिळते आणि खर्जातील ध्वनी जोरकस उमटतो. मोठ्या ध्वनियंत्रणेवर वाजवण्यासाठी नेमके हेच हवे असते. नृत्यसंगीतात म्हणूनच दीर्घ संग्रहापेक्षा दोन-चार रचनांची 'ईपी' हेच प्रकाशनाचे प्रमुख माध्यम राहिले. २०१२ साली बायसेपने संकेतस्थळाच्याच नावाने स्वतःची प्रकाशनसंस्था काढली. 'व्हिजन ऑफ लव्ह' ही रचना याच काळातली. २०१५ साली 'ऑस म्युझिक' या संस्थेने काढलेल्या 'जस्ट' या रचनेने त्यांचे नाव क्लबांच्या वर्तुळात पक्के केले. तिच्यात गायन जवळजवळ नाही. एकच सुरावट हळूहळू उलगडत, रंग बदलत जाते आणि ऐकणारा तिच्यात गुंतत जातो.

'बायसेप' (२०१७)

१ सप्टेंबर २०१७ रोजी 'निंजा ट्यून' या लंडनच्या संस्थेने त्यांचा पहिला पूर्ण संग्रह प्रकाशित केला. 'कोल्डकट' या जोडीने १९९० साली स्थापन केलेली ही संस्था प्रयोगशील संगीतासाठी प्रसिद्ध आहे. 'बायसेप' हेच नाव असलेल्या या संग्रहात बारा रचना असून 'ग्लू', 'ओपल', 'ऑरा', 'रेन' आणि 'व्हेल' या त्यांतील विशेष गाजलेल्या होत.

त्यांतही 'ग्लू'चे स्थान वेगळे आहे. तिचा ठेका सरळ चार आघातांचा नाही. तो तुटक ब्रेकबीटचा असून त्यावर धूसर सिंथेसायझर आणि दुरून आल्यासारखा स्त्रीस्वर तरंगतो. जो विल्सन यांनी दिग्दर्शित केलेल्या तिच्या चित्रफितीत एकेकाळी 'रेव्ह' मेळावे भरत असलेल्या जागा आज जशा ओसाड दिसतात, तशाच दाखवल्या आहेत. त्यांवर तेथे नाचलेल्या माणसांच्या छोट्या आठवणी अक्षरांत उमटतात. एकही नर्तक न दाखवता नृत्याची स्मृती जागवणारी ही चित्रफीत एका पिढीच्या हरवलेल्या तारुण्याचा दस्तऐवज मानली जाते.

'आयल्स' (२०२१)

दुसरा संग्रह, 'आयल्स', २२ जानेवारी २०२१ रोजी प्रसिद्ध झाला आणि ब्रिटनच्या संग्रह-क्रमवारीत दुसऱ्या स्थानावर पोहोचला. त्याच वर्षी ब्रिट पुरस्कारांसाठी सर्वोत्कृष्ट ब्रिटिश गट आणि उदयोन्मुख कलावंत अशा दोन विभागांत बायसेपला नामांकन मिळाले. टाळेबंदीमुळे क्लब बंद असताना आलेला हा संग्रह घरी बसून ऐकण्यासाठी असून रंगमंचावर याच रचना अधिक आक्रमक रूपात सादर होतील, अशी त्यांची भूमिका होती.

शीर्षकाचा अर्थ 'बेटे'. जन्मभूमीचे बेट आणि कर्मभूमीचे बेट यांच्यातील अंतर हा त्याचा विषय आहे. लंडनमध्ये आल्यावर कानी पडलेल्या नाना देशांच्या सुरावटींचे, त्यांत हिंदी गाण्यांचेही, प्रतिध्वनी त्यात उमटले आहेत. संग्रहातील दहा रचनांपैकी 'अ‍ॅटलस'मध्ये येमेनी-ज्यू परंपरेतील इस्रायली गायिका ओफ्रा हाझा यांचा स्वर आहे. 'अ‍ॅप्रिकॉट्स'मध्ये आफ्रिकेतील मलावीचे पारंपरिक गायन आणि बल्गेरियातील स्त्रियांचे वृंदगान एकत्र आले आहे. 'साकू' आणि 'एक्स' या रचना क्लारा ला सॅन या गायिकेने गायिल्या असून 'रेव्हर'मध्ये जूलिया केंट यांचे चेलोवादन आहे.

मराठी वाचकांना विशेष जिव्हाळ्याची वाटेल अशी रचना म्हणजे 'सनडायल'. 'राजा रानी' (१९७३) या हिंदी चित्रपटातील 'जब अंधेरा होता है' हे राहुल देव बर्मन यांचे गीत आशा भोसले आणि भूपिंदर यांनी गायिले होते. त्याचा अंश या रचनेत गुंफला आहे. रचनेचा दुसरा आधार म्हणजे एक बिघाड. त्यांच्या 'रोलंड ज्युपिटर-६' या सिंथेसायझरचे यंत्र नीट चालत नसल्यामुळे आवर्तनातील काही स्वर मध्येच गळत. त्या दीर्घ ध्वनिमुद्रणातील छोटा तुकडा निवडून त्यांनी रचनेचा सांगाडा उभारला. सांगलीत जन्मलेल्या, गोव्यातील मंगेशीच्या दीनानाथांच्या कन्येचा स्वर अशा रीतीने सुमारे अर्धशतकानंतर युरोपच्या नृत्यदालनांत पोहोचला.

उसन्या स्वरांचा प्रश्न

दुसऱ्याच्या ध्वनिमुद्रणातील अंश घेऊन नवी रचना करणे, ज्याला 'सॅम्पल' म्हणतात, हा हाऊस संगीताचा पायाच आहे. मात्र या पद्धतीला एक नैतिक बाजू आहे. अंश कापला, ताणला, प्रतिध्वनीत बुडवला की मूळ गायकाची ओळख पुसट होते. चित्रपटगीताचे निदान गायक, संगीतकार आणि वर्ष नोंदलेले असते. गावोगाव फिरून संशोधकांनी मुद्रित केलेल्या लोकगायकांची नावे पुष्कळदा ऐकणाऱ्यांपर्यंत पोहोचतच नाहीत. बायसेपसारख्या, जुन्या तबकड्यांच्या शोधातून घडलेल्या कलावंतांकडून या बाबतीत अधिक अपेक्षा ठेवली जाणे स्वाभाविक आहे. उसना घेतलेला स्वर नव्या श्रोत्याला मूळ गाण्यापर्यंत नेतो की मूळ गाण्याची जागा घेतो, यावर त्या उसनवारीचे मोल ठरते.

अलीकडील कार्य

२०२४ पासून या जोडीने 'क्रोमा' या नावाने क्लबसाठीच्या अधिक कणखर रचनांची मालिका आरंभली. २०२५ साली आलेला 'ताक्कूक' हा प्रकल्प मात्र निराळ्या वळणाचा आहे. आर्क्टिक प्रदेशातील आदिवासी कलावंतांसह केलेल्या या दृक्-श्राव्य कामात वितळणारा बर्फ आणि लुप्त होऊ पाहणाऱ्या भाषा हे विषय आहेत. येथे गायक केवळ जुन्या मुद्रणातून उचललेले स्वर नसून नावानिशी सहभागी झालेले सहकारी आहेत. 'आयल्स'मधून उपस्थित होणाऱ्या प्रश्नाला या जोडीच्या कामातूनच मिळालेले हे एक उत्तर म्हणता येईल.

नव्याने ऐकू इच्छिणाऱ्यांनी 'जस्ट', 'ग्लू', 'अ‍ॅप्रिकॉट्स' आणि 'सनडायल' या क्रमाने आरंभ करावा. आणि 'सनडायल'नंतर 'जब अंधेरा होता है' हे मूळ गाणेही अवश्य ऐकावे.