कंदिलाजवळचा अर्नाळकर

आज लढाईचा नव्हे, पुस्तकांचा इतिहास.

साहित्य अकादमीचे पुरस्कार १९५५ पासून दिले जातात. वि. स. खांडेकरांच्या ‘ययाति’ला १९६० साली अकादमीचा पुरस्कार मिळाला, पुढे खांडेकरांना १९७४ चं ज्ञानपीठही मिळालं. योग्यच झालं. पण त्याच काळात बाबूराव अर्नाळकर झुंजार आणि काळापहाड यांच्या रहस्यकथा लिहीत होते. हजाराहून अधिक पुस्तकं! गिनीज बुकानं दखल घेतली. अकादमीच्या यादीत मात्र त्यांचं नाव नाही.

मी लेफ्टनंट असताना सीमेवरच्या एका चौकीत माझ्या ट्रंकेत ‘ययाति’ होती आणि जवानांकडे एक अर्नाळकर. मुखपृष्ठ गायब, शेवटची पानं फाटलेली. एकजण कंदिलाजवळ बसून वाचायचा, बाकीचे ऐकायचे. गुन्हेगार कोण, यावर बर्फ वितळेपर्यंत वाद चालला. अखेर ते माझ्याकडे आले. “साहेब, आता तुम्हीच निकाल द्या.” मी नाक मुरडत पुस्तक घेतलं आणि पहाटेपर्यंत वाचत बसलो. निकाल मलाही देता आला नाही!

त्यांच्यापैकी दोघांनी पुढे माझ्याकडून ‘ययाति’ मागून नेली. पुस्तक हातात धरायची सवय त्यांना अर्नाळकरांनी लावली होती.

परीक्षकांनी आशय तोलावा, भाषा तोलावी. पण फौजेत चढाई करणाऱ्यांबरोबर वाट करून देणाऱ्या सॅपरचाही मान असतो. साहित्यात तो का नसावा?

जय हिंद.