लक्झेंबर्ग उद्यानातील शैवाक

आपल्या गोड्या मसाल्यातील दगडफूल ज्या वर्गात मोडते, त्या शैवाकांचे पिवळे, नारिंगी, करडे पापुद्रे झाडांच्या फांद्यांवर सर्वत्र दिसतात. परंतु नगराच्या हवेचा दाखला त्यांत वाचता येतो, हे सप्रमाण मांडणाऱ्या आद्य अभ्यासकांत विल्यम नीलांडर या फिनलंडच्या वनस्पतिशास्त्रज्ञाची गणना करावी लागते. हेलसिंकी येथील प्राध्यापकपद सोडून १८६३ साली तो पॅरिसला आला, आणि तेथील लक्झेंबर्ग उद्यानातील वृक्षांच्या साली निरखून त्याने १८६६ साली तेथील शैवाकांची फेरिस्त प्रसिद्ध केली. शहरात अन्यत्र अभावानेच आढळणाऱ्या जाती या एका उद्यानात टिकून आहेत, त्याअर्थी येथील हवा अधिक निर्मळ असली पाहिजे, असा त्याचा निष्कर्ष होता.

शैवाकास मुळे नसतात. पावसाच्या थेंबांतून व हवेतून जे येईल ते त्याच्या सर्वांगात मुरते, आणि दगडी कोळशाच्या धुरातील गंधकाचा वायू त्याच्या अंगच्या हरितद्रव्याचा नाश करतो. १८६६ सालीच नीलांडरने शैवाक ओळखण्यासाठी रासायनिक परीक्षेचीही प्रथा पाडली. झँथोरिया या पिवळ्याधमक शैवाकावर पोटॅशच्या द्रावाचा एक थेंब पडताच तो जागच्या जागी किरमिजी-जांभळा होतो, आणि दिसण्यात सारख्या असणाऱ्या कित्येक जाती अशा परीक्षेने वेगळ्या ओळखता येतात. शैवाक म्हणजे कवक आणि शैवल यांचे सहजीवन होय, हे श्वेंडेनर या स्विस पंडिताचे १८६७ सालचे मत मात्र त्याने अखेरपर्यंत मानले नाही. तो दुराग्रहच होता, पण त्यामुळे त्याच्या निरीक्षणाचे मोल तिळमात्र उणे होत नाही. १८९६ साली, मृत्यूपूर्वी तीन वर्षे, त्याच उद्यानातून ते शैवाक नाहीसे झाल्याची नोंदही त्यानेच केली. पुढे कोळशाचा धूर ओसरला, आणि तेथील वृक्षांवर शैवाक पुन्हा वस्तीस आल्याचे वृत्त १९९१ साली प्रसिद्ध झाले.

महाराष्ट्रात १९७५ च्या कायद्यान्वये नगरोनगरी दर पाच वर्षांनी वृक्षगणना करावयाची असते. हवेचा हा दाखला आपल्याकडेही वाचता यावा, यासाठी त्या गणनेच्या तक्त्यात खोडावरील शैवाकांसाठी एक रकाना वाढवावा, अशी वृक्ष प्राधिकरणांस माझी आग्रहाची विनंती आहे.