हीथ्रो, ट्यूब आणि २३ किलोंची बॅग

लंडनला पहिल्यांदा येणाऱ्या आई-बाबांना आपण बिनधास्त सांगतो, "ट्यूबने या, विमानतळावरून थेट गाडी आहे." गाडी थेट आहे, खरंच. पण बॅगा घेऊन फलाटावरून वर यायचं कसं?

पिकॅडिली लाइन सुरू झाली १९०६ साली. तेव्हा प्रवासी विमानसेवा जन्मालाही आली नव्हती. शहरातल्या शहरात ये-जा करणाऱ्यांसाठी ती बांधली. बोगदे खोल, वर जायला लिफ्ट, आणि लिफ्टपासून फलाटापर्यंत काही ठिकाणी थोड्या पायऱ्या. लंडनच्या भुयारी रेल्वेत सरकता जिना आला तोच मुळी १९११ मध्ये, अर्ल्स कोर्टला.

हीच लाइन १९७७ मध्ये हीथ्रोच्या टर्मिनलपर्यंत नेली. त्यासाठी घडवलेल्या नव्या डब्यांत दारांजवळ सामानासाठी मुद्दाम मोकळी जागा ठेवली. (गर्दीच्या वेळी तिथे माणसंच उभी राहायची, ते सोडा!) म्हणजे गाडी बॅगवाल्यांची झाली, शहरातली स्थानकं मात्र छत्रीवाल्यांचीच राहिली. ब्रिटिश म्युझियमजवळच्या रसेल स्क्वेअरला आजूबाजूला हॉटेलंच हॉटेलं. लिफ्ट आहे, तरी पायऱ्या चुकत नाहीत.

किंग्ज क्रॉस, ग्रीन पार्कला लिफ्टची सोय झाली ती शंभर वर्षांनी. २०२२ मध्ये मध्य लंडनमधून धावू लागलेल्या एलिझाबेथ लाइनला पायऱ्या लागत नाहीत, पण तिकीट महाग. तेव्हा मंडळी, ट्यूबच्या नकाशात उतरायच्या स्थानकापुढे व्हीलचेअरचं चिन्ह आहे का बघा, आणि मगच आई-बाबांना फोन करा.